९६ची ८००: काटा उठला, पण वर चढेना

दीड महिना आमच्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० चा टेंपरेचरचा काटा 'सी'ला, म्हणजे 'थंड'च्या खुणेला, चिकटून होता. गाडी तापत नव्हती, फॅनही वेळेवर लागत होता. बायको म्हणाली, "काटाच बंद आहे ना? मग चालव की तशीच." पण या ७९६ सीसी इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. एकदा पाणी संपून तापलं की ते वाकतं, आणि काटा बंद असेल तर आपल्याला कळतं तेव्हा बॉनेटमधून वाफ येत असते.

आधी माझी चूक. काहीही न तपासता नवा सेंडर (पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) आणला, गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे मारले आणि इन्टेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्यात) आवळला. काटा ढिम्म.

मग मुकाट रीतीने सुरुवात केली. पेट्रोलचा काटा बरोबर दाखवत होता. दोन्ही काट्यांना करंट एकाच फ्यूजवरून येतो, म्हणजे मीटरपर्यंत सप्लाय ठीक. सेंडरची एकुलती वायर काढून तिला अर्थ दिला, म्हणजे गाडीच्या धातूला, बॅटरीच्या निगेटिव्हला जोडली, पण थेट नाही. मधे १२ व्होल्ट ३.४ वॉटचा बारका बल्ब घातला. थेट अर्थ देऊन मीटर जाळलेले लोक मी पाहिलेत. इग्निशन ऑन केलं, बल्ब लागला, आणि पाच-सहा सेकंदांत काटा आळस देत उठला. आत बायमेटलची पट्टी आहे, ती तापल्याशिवाय काटा हलत नाही, म्हणून घाई करू नका. मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष.

आता सेंडर. जुना आणि नवा, दोन्ही पत्र्याच्या डब्यात पाण्यात टांगले, शेजारी थर्मामीटर, शेगडी मंद. मल्टीमीटरवर ५० अंशांना दीडशे ओहमच्या आसपास, ८० ला पन्नासच्या जवळ, आणि उकळताना तीसच्याही खाली. (पुण्यात पाणी ९८ लाच उकळतं, शंभराची वाट बघत बसू नका.) तापमान वाढलं की रोध कमी, हे बरोबरच. दोन्ही सेंडर ठणठणीत! म्हणजे जुन्याला मी उगाच बदनाम केलं होतं.

उरलं काय? अर्थ. एका वायरच्या सेंडरला परतीची वाट फक्त आट्यांतून असते. त्याच्या षटकोनी बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर नव्वद ओहमच्या पुढे, आणि आकडा सारखा नाचतोय. सेंडर उघडला. मॅनिफोल्डच्या आट्यांत पांढरी पूड साचलेली आणि वरून माझी टेप. पितळी ब्रशने आट्या घासल्या, टेप पूर्ण काढली, सीलंटचं नखभर बोट फिरवलं. आता एक ओहमसुद्धा नाही.

काटा जिवंत झाला. आनंदात खेड शिवापूरला निघालो. नवले पुलापासून बोगद्यापर्यंतच्या चढाला काटा मध्याच्या बराच खाली, आणि बोगद्यापलीकडे सपाटीला लागताच पुन्हा 'सी'कडे घसरला. परत सगळं उघडायचं, या विचाराने चहासुद्धा गोड लागला नाही.

पण या वेळी मीटरला दोष देण्याआधी पाईप चाचपला. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली आणि रेडिएटरचा वरचा पाईप हाताने धरला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) असेल तर पाईप आधी थंड राहतो आणि मग एकदम तापतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून कोमट. इंजिन गार होऊ दिलं, हाउसिंग खोललं, आत थर्मोस्टॅटच नाही! 'काढून टाक, गाडी तापणार नाही' ही आपल्याकडची जुनी गॅरेजी समजूत. काटा खरंच सांगत होता, इंजिन गारठलेलंच पळत होतं. सकाळी चोक इतका वेळ ओढून ठेवावा लागायचा आणि अ‍ॅव्हरेज पडलं होतं, तेही आत्ता उमगलं.

८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट आधी त्याच डब्यात उकळून पाहिला, शिक्क्याप्रमाणे उघडला. हवा निघायचं बारीक छिद्र वर ठेवून, नव्या गॅस्केटसह बसवला.

काल परत तोच रस्ता. काटा दहा मिनिटांत मध्याच्या किंचित खाली आला आणि बोगद्यातही तिथेच राहिला. फॅन लागतो तेव्हा तो नेमका कुठे असतो, त्याची खूण स्केचपेनने काचेवर केली आहे.