काठीची होळी: कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांसाठी

नंदुरबार स्टेशनवर उतरायचं, मग तळोदा, अक्कलकुवा, देवगोई घाट चढून मोलगी आणि तिथून जवळच काठी हे आदिवासी गाव. होळीच्या दिवशी दुपारीच मोलगी गाठा. अंधार पडल्यावर घाटात गाड्यांची रांग लागते. गावात लॉज वगैरे नाही. अक्कलकुवा किंवा तळोद्याला खोली घेतली तरी ती सामान ठेवण्यापुरतीच, कारण इथली राजवाडी, म्हणजे जुन्या काठी संस्थानाची, होळी पेटते पहाटे आणि रात्र उभ्यानेच जाते. पाणी, टॉर्च, स्वेटर जवळ हवं. मार्च असला तरी सातपुड्यात पहाटे चांगलाच गारठा असतो.

रात्रभर पाड्यापाड्यांवरून ढोल वाजवत गट येत राहतात. बुध्यांच्या, म्हणजे होळीत सोंग घेऊन नाचणाऱ्यांच्या, अंगावर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं. एकाच्या भोपळ्याला तडा गेला होता, त्यावर त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली होती. पलीकडे दहा-बारा फोटोग्राफर दुसऱ्याच कुणाच्या तरी चेहऱ्याचा क्लोजअप घेण्यात गुंतले होते. तसले क्लोजअप इंटरनेटवर पोत्याने पडलेत, त्यात आणखी भर घालू नका. दुपारची तयारी, टोप बांधणारे हात, होळीच्या दांड्यासाठी हातांनीच खणला जाणारा खड्डा, जंगलातून आणलेला तो लांबच लांब बांबू, यात खरं काम आहे. मात्र पाड्यावर कुणी बोलावलं तरच जा.

बुध्या किंवा मोरखी (हेही होळीतलंच एक सोंग) होणारे बरेच जण नवसाचे असतात. ते पालनी पाळतात, म्हणजे खाटेवर झोपत नाहीत, पायात चप्पल घालत नाहीत, अंघोळ करत नाहीत. नियम गावागणिक थोडे बदलतात. म्हणून खांद्यावर हात टाकून सेल्फी वगैरे नको. नाचणाऱ्याला मध्येच थांबवून ‘जरा इकडे बघा’ म्हणणारे तर मला अजिबात सहन होत नाहीत. पैसे दाखवून पोज मागू नका, पुढच्या वर्षी येणाऱ्यालाही त्याचा ताप होतो.

फ्लॅश घरीच ठेवा. ३५ किंवा ५० एमएमची मोठ्या अॅपर्चरची लेन्स आणि ६४०० आयएसओ एवढ्यात भागतं. होळी पेटल्यावर आगीकडे एक्स्पोजर धरलं की चेहरे काळे होतात. चेहऱ्यांवर प्रकाश मोजा, फोटोत ज्वाळा थोड्या पांढऱ्या पडल्या तरी चालतात. नाचाची धूळ भयंकर उडते, तिथे लेन्स बदलायची नाही.

होळीबरोबर परत फिरू नका, कारण याच दिवसांत मोहाची फुलं गळायला लागतात. भल्या सकाळी बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेली दिसतील. फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून पालापाचोळा पेटवतात, त्यातून कधी वणवा लागतो आणि वनखात्याशी वाद होतो. हा वाद फोटोत पकडणं अवघड आहे, पण सातपुड्याचं जंगल समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी. उत्तरेला डोंगर नर्मदेत उतरतात. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रातल्या ३३ गावांना बसली; मणिबेली याच अक्कलकुवा तालुक्यातलं. तिकडची माणसं भेटली तर कॅमेरा बॅगेत ठेवून आधी बोला. होळीचे रंगीत फोटो आणि बुडालेल्या गावांची कथा वेगवेगळ्या खान्यांत टाकायची सवय आपल्याला आहे. इथे ती टिकत नाही.

फोटोखाली नुसतं ‘आदिवासी नर्तक’ लिहू नका. गाव, पाडा आणि त्या माणसाने परवानगी दिली असेल तर नाव लिहा. प्रिंट पाठवायचे असतील तर पत्ता तिथेच उतरवून घ्या, मोबाइल नेटवर्कवर भरवसा ठेवू नका.

होळी झाल्या सकाळी मोलगीच्या जीपा खच्चून भरतात, तेव्हा परतीची गाडी आदल्या दिवशीच ठरवा. रजा शिल्लक असेल तर आणखी थांबा: काठीनंतरही आसपासच्या गावांत वेगवेगळ्या दिवशी होळ्या असतात, तिथे फोटोग्राफर कमी फिरकतात. कुठली कधी, ते मोलगीच्या बाजारात कुणीही सांगेल.