टाकीतला समुद्र, नोंद ३: पंखा लावला आणि थर कलला

समुद्रात उष्णता खाली कशी पोचते ते मी घरच्या टाकीत पाहतोय. मागच्या नोंदीत मी दिव्यापाशी अडकलो होतो. ६० सेंमी लांब, ३० रुंद अशी काचेची टाकी, त्यात २५ सेंमी पाणी आणि वर १५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा. दोन तास तापवूनही वरचं सेंमीभर पाणी ३८ अंशांवर आणि तळ जिथल्या तिथे. इन्फ्रारेड किरण बहुतेक वरच्या सेंमीभरातच संपतात, त्यामुळे हे व्हायचंच होतं. तरी हिशोब करून पाहिला. नुसत्या वहनाने उष्णता २५ सेंमी खाली जायला पाचेक दिवस लागतात. अंतर वाढलं की वेळ वर्गाने वाढतो, म्हणजे १०० मीटरसाठी दोन हजारांहून जास्त वर्षं! समुद्र काही इतका वेळ थांबत नाही. तिथे उष्णता पोचते ती वारा, लाटा आणि बुडणारं पाणी यांच्या पाठीवर बसून. म्हणून या वेळी वारा.

त्याआधी एक कबुली. मागच्या नोंदीतला तळाचा ०.६ अंशांचा ‘चढ’ खोटा होता. तापमानाचे सगळे सेन्सर मी एका स्टीलच्या सळीला बांधले होते आणि सळीच उष्णता खाली नेत होती. आता प्लास्टिकची पट्टी आहे. शिवाय डीएस१८बी२० सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची, त्यामुळे सगळे एकत्र बांधून ढवळत्या बादलीत ठेवले आणि प्रत्येकाचा फरक लिहून घेतला. दोन सेन्सर आपसात ०.४ अंशाने भांडत होते. हे न करता कुणी थर मोजत असाल तर आधी बादली शोधा.

दिव्याने नीट थर होईना, म्हणून तरंगत्या स्पंजवर कोमट रंगीत पाणी हळूहळू सोडलं. वर ५ सेंमी लाल, ३२ अंश. खाली २० सेंमी स्वच्छ, २० अंश. मग एका टोकाकडून पंखा.

पहिली गंमत तीनेक मिनिटांत. वाऱ्याने लाल पाणी पलीकडच्या टोकाला ढकललं, तिथे थर जाड झाला आणि पंख्याकडच्या बाजूला पातळ. दोन टोकांत फरक जेमतेम दीड सेंमी, पण पंख्याकडचा ४ सेंमी खोलीवरचा सेन्सर अडीच अंश उतरला. पृष्ठभाग मात्र डोळ्यांना सपाटच. पॅसिफिकमध्ये हेच घडतं. व्यापारी वारे कोमट पाणी पश्चिमेला लोटतात. तिथे पाण्याची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच, पण थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी यांच्यातली सीमा, मात्र पश्चिमेला १५० मीटरच्या आसपास आणि पूर्वेला ५० च्या. वर इवलासा उतार, खाली प्रचंड. म्हणूनच पृष्ठभागाचं तापमान पाहून ‘समुद्र किती तापलाय’ हे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

दुसरी गंमत पंखा बंद केल्यावर. लाल-स्वच्छ सीमा संथपणे मागे झुलली, पुढे झुलली, पुन्हा मागे. घड्याळ लावलं: एक झोका ४१ सेकंदांचा. सूत्राने ३४ यायला हवे होते. माझी सीमा धारदार नसून दोन सेंमी पसरलेली होती, फरक त्याचाच असावा. तुलनेला, याच टाकीत पाण्याच्या पृष्ठभागाचा झोका एका सेकंदाच्याही आत संपतो. आतली लाट इतकी आळशी, कारण दोन थरांच्या घनतेत फरक जेमतेम ०.३ टक्के. पॅसिफिकमध्ये वारे ढिले पडले की अशीच लाट पूर्वेकडे निघते आणि पलीकडे पोचायला दोन-तीन महिने घेते. एल निनोची चाहूल खालच्या पाण्यात आधी लागते ती यामुळे.

उष्णतेचा ताळेबंद मात्र जुळला नाही. सेन्सरवरून काढलेली बेरीज पंखा चालू असताना घसरत गेली. कारण बाष्पीभवन: माझ्या टाकीत पातळी १ मिमी घटली तर त्यात निघून जाणारी उष्णता सगळं पाणी सव्वादोन अंशांनी गार करायला पुरते. पुढच्या वेळी टाकीखाली वजनकाटा ठेवणार.

शेवटचा प्रयोग अर्गोच्या, म्हणजे समुद्रात सोडलेल्या मोजणी यंत्रांच्या, आलेखांमुळे सुचला. ही यंत्रं १,००० मीटर खोलीवर वाहतात, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत बुडी मारून मोजत वर येतात. बंगालच्या उपसागरातले हिवाळ्यातले आलेख काढत बसलो होतो, तर वर थंड पाणी आणि त्याखाली कोमट! नद्यांचं गोडं पाणी हलकं, त्यामुळे थंड असूनही वरच राहतं. म्हणून टाकीत खाली २८ अंशांचं पाणी, लिटरमागे १० ग्रॅम मीठ घालून, आणि वर २० अंशांचं साधं. दोन तास झाले तरी उलटलं नाही.

तसंच ठेवून झोपलो. सकाळी वरपासून खालपर्यंत तापमान जवळपास एकच, अर्ध्या अंशाचाही फरक नाही. टॉर्च मारला तर मधोमध खाऱ्या आणि साध्या पाण्यामधली रेघ अजून होती आणि पट्टी तिथेच मोडल्यासारखी दिसत होती. उष्णता मिठापेक्षा सुमारे शंभरपट वेगाने पसरते हे वाचलं होतं, ते असं पट्टीवर दिसेल असं वाटलं नव्हतं.