तुम्ही विचारलंत म्हणून: मी गोळ्या का सोडल्या

सपोर्ट ग्रुपला दर महिन्याला कुणीतरी नवीन आईवडील येतात, मुलगा एकोणीस-वीसचा, सायकोसिसचं, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचं, निदान नुकतंच झालेलं, आणि चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारतात, "बरं वाटत होतं ना गं तुला, मग मधेच गोळ्या का सोडल्यास?" विचारण्यात थोडा राग असतो, माझ्यावरचा नाही, घरी बसलेल्या त्यांच्या मुलावरचा. इतकी वर्षं मी काहीतरी गोलमोल सांगत आले. आज नीट लिहिते.

मला "इनसाइट नव्हती", म्हणजे आपण आजारी आहोत याची जाणच नव्हती, म्हणून सोडल्या असं फाइलवर लिहिलंय. ते खरं नाही. हॉस्टेलच्या पंख्यातून कुणी माझं नाव घेत नव्हतं हे मला कळत होतं, निदान दिवसा तरी कळत होतं.

रिस्पेरिडोन ही सायकोसिसवरची गोळी चालू झाल्यावर दीड महिन्यात आवाज जवळपास थांबले, हे मी नाकारत नाही. पण पुढे पाळी थांबली. एक महिना, दोन महिने, तीन. आई काही बोलली नाही. एका दुपारी ती आमच्या गल्लीतलं मेडिकल सोडून पार एसटी स्टँडपर्यंत जाऊन आली, पेपरमध्ये गुंडाळलेलं किट माझ्या हातात दिलं, म्हणाली, "जा, करून ये." वीस वर्षांची होते मी, आणि आजारी पडल्यापासून घराबाहेर एकटी गेलेच नव्हते. ती बाथरूमच्या दाराबाहेर उभी होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. एकच रेघ आली. मी दार उघडून दाखवलं, ती "बरं झालं" म्हणाली आणि कुकर लावायला गेली. त्यानंतर या विषयावर आम्ही आजतागायत बोललेलो नाही. आणि आठवड्याभराने माझ्या कुर्त्यावर छातीपाशी ओला डाग आला. दूध. मला वाटलं किट चुकलं. मग वाटलं की माझ्या शरीरात कुणीतरी काहीतरी केलंय, म्हणजे जो आजार बरा करायला गोळी दिली होती तोच विचार त्या गोळीमुळे परत आला.

पुढच्या ओपीडीला मी चिठ्ठी लिहून नेली. "पाळी नाही. छातीतून दूध." एवढंच. बाबा नाहीत म्हणून दर वेळी मामा यायचा, शेजारच्या खुर्चीत बसायचा. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, झोपते का, जेवते का, चिडचिड? मामा म्हणाला, एकदम शांत आहे. चिठ्ठी माझ्या मुठीत घामाने ओली झाली होती. बाहेर साठ-सत्तर माणसं थांबलेली. "कंटिन्यू" लिहून कागद मामाच्या हातात आला. मी चिठ्ठी दिली नाही.

त्या रात्रीपासून गोळी गालात धरायला लागले. आई जीभ वर करायला लावून बघायची, तरी जमायचं, नंतर गॅलरीतल्या कोरफडीच्या कुंडीत. सोडायच्या असं काही ठरवलं नव्हतं, आजच्या पुरतं असं रोज.

आणि काकू, पहिले दोन महिने फार छान गेले हो. पाळी आली, पुस्तक वाचता यायला लागलं, अंगातला जडपणा गेला. इथेच सगळे फसतात, कारण गोळी बंद केली की आजार काही दुसऱ्या दिवशी परत येत नाही, आणि मधल्या काळात वाटतं आपणच बरोबर होतो. सातव्या महिन्यात मी रात्री दोन वाजता मिरज स्टेशनवर अनवाणी सापडले. मग पुन्हा त्याच गोळ्या.

दोन वर्षांपूर्वी ग्रुपमध्ये उभी राहून मी म्हणाले होते की दोष फक्त गोळ्यांचा आणि त्या ओपीडीचा. तेव्हा अर्धंच बोलले. मला त्या आवाजांची आठवण यायची. हॉस्टेलला माझ्याशी फारसं कुणी बोलत नव्हतं, ते निदान नावाने हाक मारायचे. गोळीने ते गेले आणि त्या जागी काहीच आलं नाही, कॉलेज नाही, मैत्रिणी नाहीत, फक्त झोप. हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. ऐकणाऱ्यांत एक मुलगा होता, तो पुढच्या महिन्यापासून आला नाही. का ते मला माहीत नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आईला आणि मामाला बाहेर बसायला सांगितलं. मी पाच मिनिटांत सगळं बोलले. प्रोलॅक्टिन म्हणजे दूध आणणारं हार्मोन, रिस्पेरिडोनने वाढतं; ते साधारण २५ च्या आत असतं, माझं ११८ निघालं, आधीच्या वेळी शंभरच्या आसपास असेल तर तेव्हाही एका ब्लड टेस्टमध्ये कळलं असतं. आता त्याऐवजी एरिपिप्राझोल ही दुसरी गोळी घेते, प्रोलॅक्टिन उतरलं. मुलग्यांनाही अशा गोळ्यांनी लैंगिक त्रास होऊ शकतो आणि तो ते मेले तरी आईसमोर सांगणार नाहीत, म्हणून तुमच्या मुलाला डॉक्टरांपाशी थोडा वेळ एकटं बसू द्या, एवढं मात्र कराच.

पण आयुष्यभर घ्यायच्या का, याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. १९९९ च्या अमेरिकन अभ्यासात औषध सोडणाऱ्यांना आजार उलटायचा धोका जवळपास ५ पट होता. २०१३ चा डच अभ्यास म्हणतो की डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस कमी केलेले लोक ७ वर्षांनी कामाधंद्यात जास्त सावरले होते, तर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या १० वर्षांच्या पाहणीत लवकर बंद केलेल्यांचं जास्त बिघडलेलं दिसलं. मी तिन्ही वाचलेत आणि तिन्ही मला माझेच वाटतात.

पुढच्या अपॉइंटमेंटला डोस कमी करण्याबद्दल विचारणार आहे. चिठ्ठी लिहून ठेवलीय. आईला अजून सांगितलेलं नाही.