पप्पांच्या मोबाइलवर जाणारा माझा ओटीपी : माझा अनुभव

माझं वय तेव्हा २७, पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झालेली, आणि तरी रेल्वेचं तिकीट काढायचं म्हटलं की सांगलीला फोन करावा लागायचा, "पप्पा, ओटीपी आलाय बघा, सांगा." मग कुठं चाललीस, सोबत कोण आहे, एसीचं कशाला पाहिजे, हे सगळं होईपर्यंत ओटीपीची वेळ संपायची आणि परत पहिल्यापासून सुरू. यूपीआय माझ्या फोनवर कधी चालूच झालं नाही, कारण खात्याला नंबर त्यांचा. खातं मी अठरा वर्षांची झाले तेव्हा काढलेलं, जॉइंट, पहिलं नाव माझं, दुसरं पप्पांचं. नोकरी लागल्यावर कंपनी नवीन सॅलरी अकाउंट काढून देत होती, तर पप्पा म्हणाले "आपलं आहे की खातं" आणि मी एचआरला तेच दिलं. तुम्ही असं करू नका, नोकरीच्या पहिल्याच दिवशी स्वतःचं खातं काढा, तेव्हा कोणाला काही वाटत नाही.

कडेलोट झाला तो एका कुर्त्यावरून. लक्ष्मी रोडला दुकानात कार्ड स्वाइप केलं, मशीनमधून पावती अजून बाहेर येत होती आणि फोन वाजला. "१८४० कसले गेले?" मी म्हटलं कुर्ता घेतला. "दिवाळीत घेतलास की." दुकानदार पिशवी हातात धरून उभा, मागे दोन बायका बिलासाठी थांबलेल्या. मी तो कुर्ता तिथंच परत केला. पप्पा वाईट नाहीत हो, माझ्या शिक्षणासाठी त्यांनी पीएफमधून पैसे काढलेत आणि ते मी विसरलेली नाही. घरी पैसे द्यायला माझी कधीच ना नव्हती, दर महिन्याला देतच होते. पण कुर्त्याचा हिशोब मला द्यायचा नव्हता.

म्हणून ठरवलं, खात्याचा मोबाइल नंबर बदलायचा. एवढंच, बाकी काही नाही. ऑनलाइन करायला गेले तर आधी जुन्या नंबरवर ओटीपी, म्हणजे परत पप्पाच. मग शाखेत जाणं आलं, आणि शाखा सांगलीत. पहिल्यांदा गेले तो निघाला दुसरा शनिवार, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे डोक्यातच नव्हतं, सबंध रात्रीचा प्रवास वाया. पुढच्या वेळी सोमवारची रजा टाकून गेले, घरी काही न सांगता एसटी स्टँडवरून थेट बँकेत.

आता खरा वैताग इथून पुढे. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म दिला, मी भरला, आधार-पॅनच्या झेरॉक्सवर सह्या करून दिल्या. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, नंबर वडिलांचा आहे, त्यांना घेऊन या. म्हटलं, मॅडम पहिलं नाव माझं, केवायसी माझी, सही माझी, समोर मी स्वतः उभी आहे. तर म्हणे साहेबांना विचारा. साहेब जेवायला गेलेले. पाऊण तास बाकावर बसले. साहेब आले, फॉर्म न वाचताच आडनाव बघून म्हणाले, "अरे, तुम्ही त्यांची मुलगी होय? कशाला बदलताय नंबर, घरात काही झालंय का?" मी म्हटलं, काही झालं नाही, मला माझा नंबर लावायचाय. वडिलांशिवाय होणार नाही असा नियम असेल तर मला फॉर्मवर लिहून द्या. लिहून द्यायला ते तयार नव्हते. आणि मग माझ्यासमोर, मला एका शब्दाने न विचारता, त्यांनी मोबाइल उचलला आणि पप्पांना फोन लावला. "या जरा, मुलगी आलीय तुमची."

जो नंबर बदलायला मी दोनशेच्या वर किलोमीटरवरून आले होते, त्याच नंबरवर. अजून आठवलं की हात थरथरतात.

पप्पा दहा मिनिटांत आले. स्कूटरची किल्ली हातात, बगलेत ती प्लॅस्टिकची फाइल, ज्यात माझ्या दहावीच्या मार्कशीटपासून सगळं ठेवलेलं असतं. माझ्याकडे बघितलं नाही, साहेबांना म्हणाले, "लहान आहे, तिला काय कळतंय, राहू दे तसंच." साहेब हसले आणि माझा फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "पप्पा, मी लहान नाही, आणि हे मी करणार आहे." आवाज फुटला होता माझा, पण बोलले. ते काहीच बोलले नाहीत, फाइल उचलून निघून गेले.

त्या दिवशी नंबर बदलला नाहीच. तो नाद मी सोडून दिला, आणि तुम्हालाही तेच सांगेन, जुन्या खात्यावर भांडत बसू नका. पुण्यात दुसऱ्या बँकेत एकटीच्या नावाने खातं काढलं, एचआरला पगाराच्या कटऑफच्या आधी मेल केला, झालं. जुन्या पासबुकवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे काढायला एकाची सही चालते, त्यामुळे माझ्या पगाराची शिल्लक मी चेकने नव्या खात्यात वळवली. चेक टाकायच्या आधी पप्पांना फोन करून सांगितलं, एसएमएसवरून कळू द्यायचं नव्हतं. वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं : "पैसे मी नव्या खात्यात नेतेय, घरी दर महिन्याच्या ५ तारखेला १०,००० येत राहतील, बाकी खर्चाचं मी सांगणार नाही." वाचून दाखवलं आणि गप्प बसले. हे फार अवघड जातं, गप्प बसणं, आपण लगेच समजूत काढायला लागतो आणि मग सगळं पुन्हा उघडतं.

हो, सांगायचं राहिलं, या सगळ्याच्या आधी आधारचा मोबाइल नंबर बदलून घ्या. माझ्या आधारलाही पप्पांचाच नंबर होता, नवीन खात्याचा ओटीपी तिकडे गेला असता. मी केला तेव्हा त्याला कागद काही लागला नाही, आधार केंद्रात स्वतः जावं लागलं, बोटांचे ठसे द्यावे लागले, ५० रुपये घेतले. पीएफच्या यूएएनला आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कुठला नंबर आहे तेही बघा. आणि बँकेत काहीही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासकट पोच घ्या, मी घेतली नाही, म्हणून माझ्याकडे आज दाखवायला काही नाही. लेखी तक्रार देऊन ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट आहे.

तीन आठवडे पप्पा बोलले नाहीत. आईचे फोन, "जेवत नाहीयेत नीट." मी रडले, पण दरवेळी एवढंच म्हटलं, आई, त्यांना जेवायला सांग, खात्याचं माझं ठरलंय. चौथ्या आठवड्यात रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला, पाऊस आहे का तिकडे विचारलं. पैशाचं काही नाही. आता अधूनमधून विचारतात पगार झाला का, मी म्हणते झाला.

माझं सिमकार्ड मात्र अजून त्यांच्या नावावर आहे. ते माझ्या नावावर करायला त्यांचीही केवायसी लागते, त्यामुळे यावेळी गणपतीला घरी गेले की आधी त्यांच्याशी बोलणार आणि दोघं मिळून मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाणार.