पद्मिनीच्या बॉनेटखाली

माझ्याकडे असलेली प्रीमिअर पद्मिनी 1986 सालची आहे आणि गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून प्रत्येक रविवार मी तिच्या बॉनेटखाली घालवला आहे. गाडी हाती आली तेव्हा बॉनेट उघडल्यावर ब्लॉक, कार्बोरेटर, वायरी, होजपाइप आणि फायरवॉलचा, म्हणजे इंजिन व बसण्याची जागा यांमधला, पत्रा हे सगळे एकाच काळपट तपकिरी थराखाली दडलेले होते. तेल नेमके कुठून गळते हे कोणत्याही मिस्त्रीला सांगता येत नव्हते, कारण तेल सगळीकडेच होते. बाहेरचा रंग आणि सीटकव्हर नंतर पाहू, आधी इंजिनाची जागा स्वच्छ करू, हा निर्णय मी त्यामुळेच घेतला. 1089 सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन मुंबईच्या टॅक्सींनी दिवसरात्र पळवलेले आहे. त्याचा प्रत्येक भाग साधा असून घरच्या हत्यारांनी उघडता येतो. मात्र तो दिसला पाहिजे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढली आणि मग बॅटरीच उचलून बाजूला ठेवली. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग), कार्बोरेटरचे तोंड आणि अल्टरनेटर यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधल्या. त्यानंतर थंड इंजिनावर रॉकेल लावून, अर्धा तास मुरू देऊन, जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि पातळ पत्रीने थर खरवडायला सुरुवात केली. प्रेशर वॉशरने हेच काम दहा मिनिटांत होते असे मला अनेकांनी सांगितले, पण जुन्या कनेक्टरांमध्ये आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत शिरलेले पाणी नंतर आठवडाभर त्रास देते, म्हणून मी तो मार्ग टाळला. खाली पसरट ट्रे ठेवून त्यात लाकडाचा भुसा पसरला होता. तेलमिश्रित रॉकेल सोसायटीच्या गटारात सोडणे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही. बॅटरीच्या टर्मिनलांवर साचलेली निळसर पांढरी भुकटी कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने फसफसून निघाली आणि स्वच्छ झालेल्या शिशावर व्हॅसलिनचा पातळ हात दिला.

बॅटरीचा ट्रे मात्र निकामी झाला होता. आम्लाने पत्रा इतका खाल्ला होता की स्क्रू ड्रायव्हरचे टोक सहज आरपार गेले. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवून घेतला. उरलेल्या जागेवर आधी वायर ब्रश, मग 80, 120 आणि 240 नंबरचा पॉलिश पेपर, खोबणींतल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर आणि शेवटी एपॉक्सी प्रायमर, अशा क्रमाने तीन रविवार गेले. इंजिन बाहेर काढून रंगकाम करणे अधिक योग्य ठरले असते. घरी इंजिन उचलायचा चेन ब्लॉक टांगण्याजोगी तुळई नसल्याने मी ते केले नाही आणि ब्लॉकमागच्या काही जागी हात पोहोचला नाही, याची खंत आहे.

रंग गाडीचा मूळचाच क्रीम ठेवला. ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आणि बॉडीवरचा चेसिस नंबर यांवर मास्किंग टेप लावून ती जागा रंगापासून वाचवली. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि तेव्हा त्या नंबरांवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला जातो. रंगाच्या जाड थराखाली बुजलेला नंबर म्हणजे विनाकारण संशयाला आमंत्रण. इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधा रंग टिकत नाही, त्यासाठी 600 अंश सेल्सिअस सोसणारा सिलिकॉन ॲल्युमिनिअम रंग नाना पेठेतून आणला. टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, हॅमरटोन राखाडी रंग दिला. दिसण्यासाठी म्हणून केलेला बदल तेवढाच.

बाकीचे बदल वायरिंगमध्ये आहेत आणि माझ्या मते खरे कस्टमायझेशन तेच. आधीच्या कोणीतरी हेडलाइटचे बल्ब बदलून 60 वॉटचे हॅलोजन बसवले होते, पण वायर आणि स्विच जुनेच ठेवले होते. दोन्ही दिव्यांचा अप्पर लावला की 120 वॉट, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर, तो प्रवाह डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून जात होता आणि स्विच हाताला गरम लागत होता. आता अप्पर व डिपरसाठी स्वतंत्र रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, आहेत, बॅटरीपासून रिलेच्या 30 नंबरच्या टर्मिनलपर्यंत जाड वायर आणि तिच्यावर फ्यूज आहे, स्विचला केवळ रिलेची कॉइल चालवायची आहे. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा बल्बपाशी मिळणारा व्होल्टेज एका व्होल्टहून अधिक वाढलेला होता. प्रत्येक वायरचा रंग आणि तिचे ठिकाण लिहिलेला नकाशा लॅमिनेट करून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी गेली तरी त्याला अंदाजाने वायरी कापाव्या लागू नयेत.

सगळे जोडून झाल्यावर मी स्टार्टर दिला. इंजिन अर्धे फिरून थांबले, दिवे मंदावले. दुसऱ्यांदा दिल्यावर, थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या चोकच्या केबलमधून धूर निघाला आणि तिच्यावरचे प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला. मी घाबरून बॅटरी सोडवली. शेजारच्या गॅरेजमधल्या काकांना बोलावले तेव्हा त्यांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. "साहेब, अर्थची पट्टी कुठे बसवलीत?" एवढेच विचारले. इंजिनाला बॉडीशी जोडणारी ती विणलेली तांब्याची पट्टी मी स्वच्छ करून, नव्या बोल्टने, अगदी नीटनेटकी बसवली होती, पण ती ताज्या प्रायमर आणि रंगाच्या थरावर. रंगातून वीज जात नाही. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअर प्रवाह परतीचा दुसरा रस्ता शोधत होता आणि डॅशबोर्डपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी चोकची बारीक धातूची केबल हाच तो रस्ता होता. काकांनी पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत पत्र्यापर्यंत घासली, पट्टी कसली, मग कडेने व्हॅसलिन लावले. केबल बदलावी लागली. त्या दिवसानंतर बॉडीवरचा प्रत्येक अर्थ पॉइंट मी स्वतः उघडून, घासून, पुन्हा बसवला.

इंजिन नीट सुरू झाल्यावर गळतीचा शोध घेता आला. कोरड्या ब्लॉकवर आणि टॅपेट कव्हरच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरली, वीस मिनिटे इंजिन चालू ठेवले आणि टॉर्च घेऊन खाली वाकलो. पांढऱ्या पावडरीवर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून एक ओली रेघ सरळ खाली उतरलेली होती. बाकी ब्लॉक कोरडा. जिथे आठ ठिकाणांहून तेल गळत असेल असा मिस्त्रींचा अंदाज होता, तिथे कॉर्कच्या एकाच पॅकिंगचा एक कोपरा दबून बसलेला निघाला. नवे पॅकिंग आणले आहे. ते बसवण्याआधी कव्हरची वाकलेली कड सपाट काचेवर ठेवून सरळ करतो आहे.