त्या मुलीचं काय झालं?

मी एका रक्तपेढीसाठी दात्यांना जाणारे संदेश लिहिते. ऐकायला हे काम सर्जनशील वाटतं, पण निम्मा वेळ मोजण्यात जातो. देवनागरी एसएमएस एका तुकड्यात ७० कॅरॅक्टरचा. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं धरतात. 'रक्तदान' डोळ्याला चार अक्षरं, यंत्राला ७. ७१वं आलं की दोन तुकडे, दुप्पट खर्च.

त्या सकाळी प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, संपत आल्या होत्या. २० ते २४ अंशांत, सतत डोलणाऱ्या ट्रेवर ठेवूनही त्या जेमतेम ५ दिवस टिकतात, त्यामुळे साठवून ठेवायची सोय नाही. साहेबांनी नेहमीचा मजकूर पुढे केला: 'तीव्र टंचाई. नोंदणी केलेले निम्मे दाते येतच नाहीत. सहकार्य करावे.' लिहिणाऱ्याला वाटतं, आपण लोकांना लाजवतोय. वाचणारा म्हणतो, चला, न येणारा मी एकटाच नाही. अमेरिकेतल्या अश्मीभूत, म्हणजे लाकडाचा दगड झालेल्या, जंगलाच्या राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ चियाल्डिनींनी हेच दाखवलं होतं: 'बरेच जण लाकूड नेतात' अशी पाटी लावली तर चोरी वाढते. साहेब म्हणाले, "आपण लाकूड विकत नाही."

आणि 'सहकार्य करावे' म्हणजे करायचं काय? १९६५ च्या येलमधल्या प्रयोगात धनुर्वाताची माहिती नि भीती घालूनही जेमतेम ३ टक्के विद्यार्थी लस टोचून घ्यायला गेले. दवाखान्याचा नकाशा देऊन कधी जाणार ते ठरवायला सांगितलं, तेव्हा २८ टक्के. हा आकडा मी बैठकीत इतक्यांदा सांगितलाय की आता तोंड उघडलं की लोक चहाला उठतात.

वॉर्डातल्या सिस्टरना विचारून मी हे लिहिलं:

'सहा वर्षांच्या मुलीला आज प्लेटलेट्स हव्यात. ३ ते ५ या. येणार? १ पाठवा.'

बरोबर ७०. खरं सांगते, त्या 'बरोबर ७०'चा मला फार आनंद झाला होता. रक्तपेढीचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी येतंच. अकराला संदेश सोडला.

तीनला दारात रांग. प्लेटलेट्स काढून घेणारी यंत्रं दोन, आणि एक माणूस दीड-दोन तास खुर्चीत. मी शब्द तोलले, मात्रा मोजल्या, खुर्च्या मात्र मोजल्या नाहीत. शिवाय ॲस्पिरिन घेतलेले दोघे आले होते; गेल्या दोन-तीन दिवसांत ती घेतली असेल तर चालत नाही, हे ७० मध्ये कुठे बसवणार? तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, लिहिता छान. आता खुर्च्याही लिहा." बऱ्याच जणांना परत पाठवलं. ते पुढच्या वेळी येतील का, माहीत नाही.

रात्री आठच्या सुमारास शेवटच्या काकांची सुई निघाली. कोपरावर कापूस दाबत त्यांनी मला विचारलं, "ती मुलगी कशी आहे?"

तिला दुपारी एकलाच दुसऱ्या पेढीतून प्लेटलेट्स मिळाल्या होत्या. काकांची पिशवी दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती, कुणाला ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तिला मिळाल्या." खोटं नव्हतं. काका हसले. तीन तास ताटकळल्याबद्दल चकार शब्द न काढता गेले.

संदेश अकराला खरा होता. काका आले तेव्हा खरा नव्हता. आणि 'वॉर्डात रुग्ण आहेत' एवढंच लिहिलं असतं तर काका आलेच नसते, हेही मला ठाऊक आहे. पिशवी तर कुणाच्या तरी उपयोगी पडलीच. तरी मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

आज साहेब म्हणाले, "तोच मजकूर सोडा, फक्त वय बदला." मी 'मुलीला व इतरांना' करून पाहिलं. १० कॅरॅक्टर जास्त होतात. 'येणार? १ पाठवा.' काढलं तर बसतं. पण लोक येतात ते त्याच वाक्याने.