शिडाच्या मॉडेल होडीवर खलाशी बसवताना

होडी १:१० मापाची, लांबी एक मीटर. रेडिओवर चालणारी, साताऱ्याजवळच्या कण्हेर धरणाच्या जलाशयात सोडायची. म्हणजे १७० सेंटिमीटरचा माणूस १७ सेंटिमीटरचा आणि बसलेला असेल तर बुडापासून डोक्यापर्यंत साधारण नऊ. बाजारातल्या सहा इंची बाहुल्या या मापाला बुटक्या दिसतात, शिवाय भरीव प्लॅस्टिकच्या असतात. त्या १:१२ ला ठीक.

खरी अडचण वजनाची. एम-सीलचा भरीव माणूस सहज शंभर ग्रॅमच्या वर जातो आणि हे सगळं वजन पाण्याच्या वर बसतं. म्हणून आत टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, हातापायांना बारीक तार आणि फक्त चेहरा-हाताला एम-सील. असा खलाशी २५ ग्रॅमच्या आसपास भरतो. थर्माकोलला फेविक्विक किंवा स्प्रेचा रंग थेट लागला की तो विरघळून खड्डे पडतात. त्यामुळे आधी टिश्यू पेपर फेविकॉल मरीनने चिकटवून कातडी केली. साधा फेविकॉल पाण्यात सुटतो. वर ॲक्रेलिक रंग, शेवटी मॅट पॉलियुरेथेन वार्निश. साताऱ्याच्या पावसाळ्यात वार्निशच्या दोन हातांमध्ये अख्खा दिवस जाऊ द्यावा, नाहीतर वरचा थर चिकट राहतो.

कपड्यांच्या चुण्यांवर फार जीव काढला नाही. नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं की धड झाकलं जातं आणि काठावरून होडीचं तोंड कुठे आहे तेही कळतं.

बसवण्याआधी शीट (शीड ओढायची दोरी) पूर्ण ओढून बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, दोन्ही बाजूंना फिरवून बघितला. बूम सगळ्यात खाली येतो तो तेव्हाच. डोक्यावर दीड सेंटिमीटर मोकळं हवं. त्याहून त्रासदायक म्हणजे कोपर: बाहेर आलेल्या कोपरात शीट अडकली की शीड सुटत नाही, दोरी ओढणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, मात्र ओढत राहतो. हात अंगालगत ठेवले. सुकाणूवाल्याचा पंजा सुकाणूच्या दांड्याला चिकटवला नाही, दोन मिलिमीटर अंतर सोडलं. दहा मीटरवरून कुणाला दिसणार आहे?

डेकला स्क्रू मारले नाहीत, तिथून पाणी शिरतं. बुडाखाली आणि डेकच्या आतून ६ मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक, वर इपॉक्सीचा लेप, कारण ते गंजतात. चिकटवण्याआधी ध्रुव तपासून खूण करावी.

मग हिशोब. तीन खलाशी, ७५ ग्रॅम, पाण्याच्या रेषेवर आठ सेंटिमीटर: ६०० ग्रॅम-सेंटिमीटर. होडीखालच्या कण्याचं (कीलचं) शिसं पाण्याच्या रेषेच्या ३० सेंटिमीटर खाली, म्हणजे तिथे २० ग्रॅम वाढवलं की कलणं पूर्वीइतकंच राहतं. डोंगरातून वाऱ्याचे झोत येतात, तिथे हे सोडून चालत नाही. तिघंही कॉकपिटात, मागे बसल्याने शेपूट खाली जातं. ११० ग्रॅमचा बॅटरी पॅक सुमारे २० सेंटिमीटर पुढे सरकवला आणि घरच्या टबात होडी पुन्हा रेषेवर तरंगते का ते पाहिलं.